वसईचे बेसिन कोणी केले?

दिवाळी अंकात मास्तराने शब्दांचा तास घेऊ नये, हे मला कळते. वाचकांच्या एका हातात चकली असते, दुसऱ्या हातात अंक असतो, आणि मुले अंगणात भुईनळे लावण्याची परवानगी मागत असतात. अशा वेळी इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे कोणाला हवीत? तरीही मी आज दोन इंग्रजी शब्दांविषयी बोलणार आहे. नुसते बोलणार नाही, थोडा भांडणारही आहे. ज्यांच्याशी भांडायचे त्यांत मी स्वतःही आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी राग धरणार नाही.

माझी पदवी विचाराल तर मी मॅट्रिक. त्यापुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि मुलांच्या संगतीत. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन छापल्या गेल्या. पोटासाठी एका लहानशा खासगी शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी घरी काही मुलांचा अभ्यास घेतो. ही मुले बहुतेक इंग्रजी माध्यमाची. त्यांतला एक आठवीतला मुलगा, तामतलावाजवळ राहणारा, गेल्या पावसाळ्यात इतिहासाचे पुस्तक घेऊन माझ्यापुढे बसला होता. पुस्तकात बाजीराव दुसरा इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तहावर सही केली होती. मुलाने वाचता वाचता मान वर केली आणि विचारले,

"सर, ही कोणत्या नदीची बेसिन?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हणालो, "कसली नदी?"

"ही ट्रीटी. ट्रीटी ऑफ बेसिन. जॉग्रफीत गंगा बेसिन आहे, गोदावरी बेसिन आहे. मग ही कुठली?"

शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण खुदकन हसली आणि म्हणाली, "अरे, हात धुवायची बेसिन!"

मीही हसलो. हसणे साहजिकच होते. पण मग मी त्याला म्हटले, "बाळ, हा तह इथे झाला. आपल्या गावात." त्यावर त्या मुलाने माझ्याकडे असे काही पाहिले की, सर आपली थट्टा करीत आहेत, अशी त्याची खात्रीच पटली असावी. ज्या किल्ल्यात तो दर रविवारी क्रिकेट खेळायला जातो, तो किल्ला आणि पुस्तकातले ते 'बेसिन' यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. परीक्षेत त्याला या तहावर पाचांपैकी पाच गुण मिळाले असते. कलमे पाठ होती, वर्ष पाठ होते. फक्त तह कुठे झाला ते ठाऊक नव्हते, आणि तो त्याच्याच दारात झाला होता.

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीत बसीन आणि बेसिन हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजी अक्षरांत पहिल्यात दोन 'एस' येतात आणि शेवटी 'ई-आय-एन'. दुसऱ्यात एकच 'एस' आणि 'आय-एन'. पहिला उच्चारताना जोर शेवटावर पडतो, दुसऱ्यात आरंभावर. दुसरा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ पसरट भांडे. भांड्यावरून तो हात धुण्याच्या भांड्याला लागला आणि भांड्यासारख्या खोलगट प्रदेशालाही लागला. आपण त्या प्रदेशाला खोरे म्हणतो.

पहिल्या शब्दाची कुळकथा आपल्या गावातून सुरू होते. वसई हे नाव पोर्तुगीजांच्या कानी पडले. 'व'चा 'ब' झाला, शेवटी त्यांच्या भाषेच्या सवयीने अनुनासिक लागले आणि वसईचे 'बसाइं' झाले. मुंबईचे 'बोंबाइं' झाले तेही असेच. गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला, तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, ते नाव त्यांच्या कागदोपत्री राहिले. इंग्रजांनी ते पोर्तुगीजांकडून उचलले आणि आपल्या जिभेला बसेल असे घासून त्याचे बसीन केले. म्हणजे नाव आपले, पण दोन परक्या जिभांवरून फिरून आलेले. भांड्याशी त्याचे कसलेही नाते नाही.

गंमत अशी की, इंग्रजांनी हेच स्पेलिंग दुसऱ्याही एका गावाला दिले. ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळ पाथेन नावाचे बंदर आहे. १८५२च्या युद्धात इंग्रजांनी ते घेतले, आणि तेही त्यांच्या नकाशावर बसीन झाले. कोठे वसई, कोठे पाथेन! कानाला या दोन नावांत काय सारखे आहे? पण साहेबाच्या लेखणीखाली दोन्ही गावे एकाच साच्यात बसली. ब्रह्मदेशाने १९८९ मध्ये आपले नाव अधिकृतपणे परत घेतले. आमच्या स्टेशनावरची 'बसीन रोड' ही पाटीही जाऊन तेथे 'वसई रोड' आले. पाटी बदलली. पुस्तक मात्र बदलले नाही, आणि मुले पाटी वाचून परीक्षेला बसत नाहीत.

कोणी म्हणेल, मास्तर, एका मुलाच्या एका चुकीवर केवढा हा गहजब! नावात काय आहे?

नावात काय आहे ते मला एका बापाने शिकवले. ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी नवा मास्तर होतो, आणि नव्या मास्तराला लाल शाईचा फार मोह असतो. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत काही महिन्यांसाठी मला इतिहासाचे पेपर तपासायला दिले होते. वर्गात पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती. तिने उत्तरपत्रिकेत 'ट्रीटी ऑफ वसई' असे लिहिले होते. मी वसईवर लाल रेघ मारली, वर मोठ्या ऐटीत बसीन असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. नियमाने वागलो. पुस्तकात होते तेच बरोबर.

तिसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. होडीवरून उतरून तसाच आला असावा. पायांना वाळू होती. त्याने उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. त्याला इंग्रजी येत नव्हते, पण लाल रेघ कोणालाही वाचता येते. तो भांडायला आला नव्हता, खरोखरच विचारायला आला होता. म्हणाला, "मास्तर, पोरीनं गावाचं नाव चुकीचं लिवलं काय?"

मी म्हणालो, "नाव बरोबर आहे. पण पुस्तकात तसे नाही."

तो थोडा थांबला. म्हणाला, "मग पुस्तकाला सांगा."

एवढे बोलून तो निघून गेला. अर्धा गुण मी वाढवला नाही. वाढवायला हवा होता. पुढे मुख्याध्यापकांकडे जावे, पेपर परत मागावा, असे अनेकदा मनात आले. पण नवी नोकरी होती आणि अर्ध्या गुणासाठी कोण आवाज उठवतो? ती मुलगी आज कोठे आहे मला ठाऊक नाही. माझ्या या लेखामागे तो अर्धा गुण आहे, असे समजा.

आता मी ज्यांच्याशी भांडायचे म्हणत होतो, त्यांच्याकडे येतो.

पहिला गट विद्वानांचा. ते म्हणतात, जगभरच्या ग्रंथांत बसीन हेच नाव आहे. गर्सन द कुन्हा हे आपल्याच गोव्याचे थोर संशोधक. त्यांनीही १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते बसीन याच नावाने. मुलाला ते नाव कळले नाही तर तो पुढे जुने कागद कसे वाचणार? मला हे मान्य आहे. मुलाला बसीन हे नाव कळलेच पाहिजे. बसाइं हेही कळले पाहिजे. पण कोणत्या क्रमाने? आधी वसई, मग तिची परक्यांनी केलेली रूपे. माणसाची ओळख करून देताना आपण आधी त्याचे नाव सांगतो, शेजारची मुले त्याला काय म्हणून हाक मारतात ते मागाहून. येथे टोपणनावच तेवढे शिकवले जाते आणि खरे नाव विचारले तर गुण कापले जातात.

दुसरा गट समंजस लोकांचा. ते म्हणतात, सगळ्याच भाषा परकी नावे मोडतात, मग इंग्रजांवरच राग का? हेही खरेच आहे. आपण मराठी माणसे यात मागे नाही. पोर्तुगीजांचे 'अफोन्सो' आपण खाऊन खाऊन हापूस केले. चावी, साबण, पगार, बटाटा, पाव ही सगळी त्यांचीच देणगी, आपण आपल्या जिभेने घडवलेली. त्यांच्या राजधानीला आपण लिस्बन म्हणतो. ते स्वतः तसे म्हणत नाहीत. तेव्हा पोर्तुगीजाने वसईचे बसाइं केले म्हणून मी त्याला दोष देत नाही. त्याने ऐकले तसे लिहिले. इंग्रजालाही दोष देत नाही. माझा राग आहे तो आपल्यावर. लिस्बनच्या मुलाला आपल्या गावाचे नाव मराठी माणसाच्या तोंडून शिकावे लागत नाही. वसईच्या मुलाला वसईचे नाव इंग्रजाच्या तोंडून शिकावे लागते, आणि ते शिकवणारे आम्ही असतो, वसईचेच मास्तर.

तिसरा गट सर्वांत मोठा, आणि तो आपल्या घरातच असतो. तो आईबापांचा. ते म्हणतात, "सर, इंग्रजी पक्के करा, बाकी होईल." मी इंग्रजी पक्के करतो. 'प्रिन्सिपल' या एका आवाजाचे दोन शब्द असतात, एक मुख्याध्यापक आणि एक तत्त्व, हे मी मुलांकडून घोकून घेतो. 'स्टेशनरी' एक थांबलेली आणि एक वह्यापेन्सिलींची, हेही सांगतो. मुले बिचारी या जोड्या पाठ करकरून थकतात. आणि मग माझ्या मनात येते, मराठीत मुख्याध्यापक आणि तत्त्व यांत कधी कोणाचा गोंधळ झाला आहे का? वसई, खोरे आणि हात धुण्याचे भांडे या तीन शब्दांत कधी कोणी अडखळले आहे का? त्या मुलाच्या आजीला अक्षर वाचता येत नाही. पण वसईत तह झाला असे तिला सांगितले असते, तर तिने नदी शोधली नसती. तिने विचारले असते, "किल्ल्यात झाला काय?" म्हणजे जो घोळ आजीच्या भाषेत नव्हताच, तो आपण फी भरून नातवासाठी विकत घेतला.

याचा अर्थ इंग्रजी नको असा कोणी काढू नये. माझ्या घरी शिकायला येणारी मुले इंग्रजीच शिकायला येतात, आणि मी ते आवडीने शिकवतो. शिवाय आज आमचे गाव पूर्वीचे राहिलेले नाही. २००९ मध्ये येथे महानगरपालिका आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. माझ्यापुढे बसणाऱ्या मुलांत कोणाचे आजोळ रत्नागिरीला आहे, कोणाचे जौनपूरला, कोणाचे भावनगरला. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी मुले आहेत तशीच चाळीतल्या भाड्याच्या खोलीतली नवी मुलेही आहेत. या नव्या मुलांसाठी तर मला हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा वाटतो. ज्या गावात आपले आईबाप पोट भरायला आले, त्या गावाला काही इतिहास आहे, हे त्यांना कोण सांगणार? पुस्तक सांगते ते एका बेसिनबद्दल. मग मूल या गावाला आपले कसे मानणार? राहण्याची जागा आणि लोकलचे स्टेशन, एवढेच त्याच्या लेखी वसई.

आणि तो इतिहास कसला आहे! पुस्तकात बसीनच्या नावाने जे तह येतात, ते पाहा. पहिल्यात, १५३४ मध्ये, एका सुलतानाने भीतीपोटी हा मुलूख परक्याला दिला. दुसऱ्यात, १८०२ मध्ये, होळकरांच्या फौजेपुढून पळालेला पेशवा समुद्रमार्गे येथे आला आणि इंग्रजांच्या सहा पलटणी पदरी घेऊन त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख लिहून देऊन बसला. परराज्यांशी व्यवहारही इंग्रजांच्या संमतीने करायचे त्याने कबूल केले. पुढल्याच वर्षी त्यातून युद्ध पेटले आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दोन्ही तहांत गेले ते आपलेच. आणि या दोहोंच्या मध्ये १७३९चा मे महिना आहे. चिमाजी आप्पांनी सुरुंग लावून, माणसे गमावून, हा किल्ला सर केला, तो महिना. ती लढाई आजही आमच्याकडे वसईची लढाई म्हणूनच सांगतात. घरातले मूल विजय वसईच्या नावाने ऐकते आणि शरणागती बसीनच्या नावाने वाचते. त्याला वाटते ही दोन गावे आहेत. मग एकाच जागी जिंकलेले साठ-पासष्ट वर्षांत कसे घालवले, हा प्रश्न त्याच्या मनात येणार कसा? इतिहास शिकवायचा तो या प्रश्नासाठीच ना?

नावाचा हा खेळ समुद्रातही चालू आहे. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली नैसर्गिक वायूचे मोठे क्षेत्र १९७६ मध्ये सापडले. त्याचेही नाव बसीन. तेथील चुनखडीच्या थरालाही भूगर्भशास्त्रज्ञ बसीनच म्हणतात. आणि हे सारे ज्या खोलगट प्रदेशात आहे त्याला इंग्रजीत काय म्हणतात? बेसिन! म्हणजे बेसिनमध्ये बसीन. तो वायू नळातून गुजरातेत हजिऱ्याला जातो आणि तेथून उत्तरेकडे. वसईच्या नावाचा वायू कोठकोठे पोचतो, पण वसईच्या मुलाला त्या नावात आपले गाव दिसत नाही. त्या दिवशी बहीणभावंडे हसली, त्यांना हेही सांगितले. मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे माझा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता!" तो नव्हताच. वसई आहेही दोन नद्यांच्या मुखांमध्ये. दक्षिणेला उल्हासचे पाणी घेऊन येणारी खाडी आणि उत्तरेला वैतरणा. मुलाची बुद्धी शाबूत होती. चुकीचा शब्द आपण त्याच्या हाती दिला होता.

येथून जवळच सोपारे आहे. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. बावीसशे वर्षांपूर्वीचा तो सम्राट, दूर पाटलिपुत्रात बसलेला. त्याला सोपाऱ्याच्या लोकांशी बोलायचे होते, तेव्हा त्याने पंडितांची संस्कृत घेतली नाही, लोकांना कळणारी प्राकृत घेतली. एवढी साधी गोष्ट एका सम्राटाला सुचली. आम्हा मास्तरांना सुचू नये?

मला नवी पाटी नको, मोर्चा नको, कोणाच्या दुकानावर काळे फासणे तर मुळीच नको. मला तीनच गोष्टी हव्यात, आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली, इंग्रजी पुस्तकात हा धडा आला की शिक्षकाने फळ्यावर आधी वसई लिहावे आणि त्याखाली परक्यांनी केलेली रूपे लिहावीत. दहा मिनिटांत मूल भाषेचा आणि इतिहासाचा धडा एकदम शिकेल. दुसरी, तो तास किल्ल्यात घ्यावा. किल्ला दूर नाही, तिकीट नाही. आणि तिसरी, जो मुलगा वा मुलगी उत्तरपत्रिकेत वसई लिहील, तिचा अर्धाही गुण कापू नये. ज्या शाळा हे आधीपासून करीत असतील, त्यांना माझा नमस्कार.

आईबापांनाही एक विनंती आहे. बेसिन म्हणा, हरकत नाही. हात धुवायचे भांडे आता त्याच नावाने घराघरांत बसले आहे, त्याला मी उपटायला सांगत नाही. पण मूल भूगोल वाचत असेल तेव्हा 'खोरे' हा शब्द एकदा तरी त्याच्या कानावर घाला. आणि इतिहास वाचत असेल तेव्हा विचारा, हे कुठे झाले रे? ते गाव कुठे आहे?

गेल्या दिवाळीत त्या मुलाने आणि त्याच्या बहिणीने अंगणात मातीचा किल्ला केला. दरवर्षी सारी मुले रायगड करतात, प्रतापगड करतात. यांनी भुईकोट केला. तीन बाजूंना परातीतले पाणी भरून समुद्र आणि खाडी केली, बुरूज केले, आळीव पेरले. मला मुद्दाम बोलावून दाखवला. समुद्राच्या दरवाजाशी पुठ्ठ्याची पाटी खोचली होती. तिच्यावर मुलाने सुबक इंग्रजी अक्षरांत बसीन फोर्ट लिहिले होते, दोन्ही 'एस' नीट घालून.

मी काही बोलणार तेवढ्यात त्याची बहीण म्हणाली, "थांबा सर, अजून झाली नाही." तिने खडू घेतला आणि त्या अक्षरांच्या वर, देवनागरीत, दुप्पट मोठ्या आकारात लिहिले : वसई.

मी तिला एक गुण दिला. पूर्ण एक. त्यातला अर्धा दुसऱ्याच एका मुलीचा होता, पण तो पोचवायला मला आता पत्ता ठाऊक नाही.